पूर्वेस बनुबाई, पश्चिमेस भाऊसो

१२ मार्च १९७४
आज कराडात घर पाहिलं आणि उभ्या उभ्या पसंत केलं. मिलिटरीत हवालदार-क्लार्क होतो, डिसिजनला वेळ लागत नाही. वेळ लागतो सिव्हिलियन लोकांना.
ओळीतलं घर. इकडे बनुबाईचं, तिकडे भाऊसोचं, मधलं आपलं. भिंतीला भिंत लागून. रुंदी बेताची आहे, पण लांबी भरपूर. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत, त्यामुळे वारा आरपार. जबलपूरला कर्नलसाहेबांच्या बंगल्यात असा वारा नव्हता.
मालक आप्पासो, उसाच्या रसाचा गाडा चालवतो. इतक्या स्वस्तात द्यायला तयार झाला की त्याची कीव आली. अशा माणसाला फार विचार करू द्यायचा नसतो.

१५ मार्च
धाकटा भाऊ आकाराम म्हणतो, दादा, एकदा वकिलाला दाखवा, सिटी सर्व्हेचा उतारा काढा. हसलो. सगळी नोकरी कागदातच गेली माझी. वकील ही भित्र्या माणसाची काठी.
पैशाची सोय झाली. गावच्या रानातला माझा वाटा आकारामला लिहून दिला. बायकोला, शालूबाईला, अजून सांगितलेलं नाही. बायकांना जमीन म्हटलं की रडू येतं. नव्या घराच्या आनंदात असेल तेव्हा सांगू.
आजपासून रोज पहाटे उठून पी.टी.

२९ मार्च
रजिस्ट्रेशन झालं. खरेदीखत स्वतः वाचलं. पूर्वेस बनुबाईचे घर, पश्चिमेस भाऊसोचे घर, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस परडे, 'येणेप्रमाणे चतुःसीमेतील जागा छपरासह.' एकदम क्लिअर. सिटी सर्व्हे नंबर तेवढा नाही. नंबर कैद्यांना असतात.
'छपरासह' हा शब्द आप्पासोनं स्वतः आग्रह करून घातला. इतका प्रामाणिक माणूस आजकाल मिळत नाही. दुसरा असता तर पत्रे काढून घेऊन गेला असता.
पी.टी. पुढच्या महिन्यापासून.

२ एप्रिल
राहायला आलो. लग्न झाल्यापासून शालूबाई गावी जावेच्या हाताखाली. मी बॉर्डरवर, ती तिथल्या चुलीपुढं. तिचं एकच मागणं असायचं, चार भिंती आपल्या असाव्यात. दिल्या. आत आली, उभी राहिली, दोन्हीकडे बघितलं आणि म्हणाली, देव कुठं ठिवायचं? एक बी कोनाडा न्हाई.
खरं आहे. दोन्ही भिंतींत एक कोनाडा नाही, एक खुंटी नाही. समजावून सांगितलं, मॉडर्न घरं अशीच प्लेन असतात. देव सध्या माझ्या ट्रंकेवर बसवले. ट्रंकेवर माझं नाव आणि नंबर आहे, त्यामुळे देवही शिस्तीत दिसतात.

३ एप्रिल
सकाळी मागच्या दारावर थाप. उघडलं तर म्हैस. पाठीमागे बनुबाई. मला काही न विचारता म्हैस माझ्या घरातून चालत पुढच्या दारानं रस्त्यावर गेली. संध्याकाळी त्याच वाटेनं परत. बनुबाईचा गोठा मागच्या परड्यात आहे. आप्पासोनं फार लाडावून ठेवलेलं दिसतं.
नवीन आहोत म्हणून बोललो नाही. शालूबाईनं म्हशीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं. हिला कुणाला कुठं थांबवावं हेच कळत नाही.

२० एप्रिल
आज भाऊसो डोक्यावर उसाच्या वाड्याचा भारा घेऊन घरातून गेला. मी ताटावर होतो. भाकरीत पाला पडला. त्याला ट्रेसपासिंगचा अर्थ सांगितला. त्यानं भारा खाली ठेवला आणि विचारलं, आप्पासोनं काय सांगून इकलं तुमाला? मी म्हणालो, घर. तो उंबऱ्यावर बसून पोट धरून हसला.
असूया. त्याच्या घरात असा वारा नाही.

५ जून
ॲक्शन घेतली. दोन्ही दारांना आतून कड्या. बनुबाई म्हैस घेऊन मागच्या दाराशी दुपारपर्यंत उन्हात बसली. नवरा नाही, मूल नाही, छातीत दम नाही, पण हट्ट केवढा. फटीतून विचारलं, आजी, लोकांच्या घरातून म्हैस नेणं कोणत्या कायद्यात बसतं? ती म्हणाली, "घर कुठलं, बाबा?"
दिसत कमी असावं.
शेवटी शालूबाईनं माझ्या पाठीमागून कडी काढली. तिच्याशी अबोला धरला आहे. तिला अजून कळलेलं नाही.
म्हातारी फार तर हा पावसाळा काढेल. मग पूर्वेकडे वाढायला वाव आहे. त्या दृष्टीनं सौदा आणखी चांगला.

८ जुलै
बनुबाईनं मोजणीचा अर्ज दिला. उत्तम. मीच देणार होतो.
चहाच्या दुकानात उपयुक्त माहिती मिळाली. जुन्या ओळीतल्या घरांत वाद झाला की भिंत बघतात. ज्याच्या अंगाला कोनाडे, त्याची भिंत. बापजाद्यांपासूनचा रिवाज. बनुबाईच्या अंगाला चार कोनाडे आहेत, भाऊसोच्या अंगाला पाच. माझ्या अंगाला शून्य.
म्हणजे पुरावा कमी पडतोय. पुरावा कमी पडला तर तयार करायचा असतो.

नागपंचमी
बनुबाई शिराळ्याला भाचीकडे गेली. मैदान मोकळं. शालूबाई म्हणाली, आज खणू नये, चिरू नये. तिचं माहेर शिराळ्याचंच, त्यामुळे आज ती भाजीसुद्धा चिरत नाही, तवासुद्धा चुलीवर ठेवत नाही. मी म्हणालो, नाग मातीत असतात, भिंतीत नसतात. पहार घेतली.
पहिला कोनाडा फर्स्ट क्लास. दुसऱ्याला पहार पलीकडे गेली. भिंत पांढऱ्या मातीची, क्वालिटी अगदी हलकी. पलीकडे नेमका म्हातारीचा देवाचा कोनाडा होता. देव, समई आणि तिच्या नवऱ्याचा फोटो, सगळं खाली. फोटोची काच फुटली.
शालूबाई परड्याकडून पलीकडे गेली आणि एकेक देव पदरानं पुसून ठेवत बसली. भोकातून मला सगळं दिसत होतं. तिला म्हणालो, असू दे, हवा खेळती राहील.

२ ऑगस्ट
बनुबाई परत आली. भांडेल म्हणून पूर्ण तयारी ठेवली होती, मुद्दे लिहून काढले होते. ती भांडली नाही. फोटो मांडीवर घेऊन बसली, आणि दुसऱ्या दिवसापासून अंथरूण धरलं.
शालूबाई तिला पेज नेते, म्हशीची धार काढते, शेण काढते. अडवलेलं नाही. शेवटच्या दिवसांत सेवा केली की म्हातारी माणसं काहीबाही लिहून देतात, असं ऐकून आहे.

३० ऑगस्ट
म्हातारी उठून बसली. शालूबाईच्या हातचं तिला मानवलं. शालूबाईला कुठलीच गोष्ट वेळेवर जमत नाही.

१९ सप्टेंबर
मोजणी. मोजणीदार फीत घेऊन आला, नकाशा उलगडला, माझ्या चुलीपाशी उभा राहिला. एकदा नकाशाकडे, एकदा वर पत्र्यांकडे. मग विचारलं, हे झाकलं कुणी?
नकाशात इथं घर नाही. बोळ आहे. बनुबाई आणि भाऊसो यांचा सामाईक बोळ, रस्त्यावरून परड्यात जायला. आप्पासो रसाचा गाडा इथं लावायचा. पावसात गंजतो म्हणून या दोघांनीच दयेनं वर पत्रे टाकू दिले. पुढं त्यानं दोन टोकांना दारं बसवली आणि आत झोपू लागला. दोन्ही भिंती त्यांच्या. माझी एकही नाही.
मी कोनाडे दाखवले. कधीचे, म्हणून त्यानं विचारलं. वंशपरंपरागत, मी म्हणालो. खाली अजून माती गळत होती. त्यानं ती बुटानं जरा सरकवली आणि लिहून घेतलं. इतक्या खालच्या ग्रेडच्या माणसाकडून काय अपेक्षा करणार?

२२ सप्टेंबर
शिरवळला जाऊन आप्पासोला गाठलं. लेकीकडे राहतो. तिथंही गाडा लावलाय. रस दिला. शांतपणे म्हणाला, "छप्पर माझंच हुतं की. त्येवढंच इकलं. कागदावर लिवलंय न्हवं?"
लिहिलंय.
संध्याकाळी परत आलो. शालूबाईनं पाणी दिलं. म्हणाली, मनाला लावून घिऊ नका. गावी जाऊ. रानात आपला वाटा हाय, तितं छप्पर घालू. मला कुणाचा बंगला नकोच हुता.
माझ्या मते सांगण्यासाठी वेळ योग्य होती. सांगितलं.
तिनं चुलीतली लाकडं मागं-पुढं केली. मग म्हणाली, "मला इचारलं का तुमी?" मी म्हणालो, नव्या घराच्या आनंदात सांगणार होतो. ती म्हणाली, "कंच्या घराच्या?"
उत्तर सुचत होतं, पण तोवर ती ट्रंकेवरचे देव ओटीत घेऊन बाहेर पडली होती.

१ ऑक्टोबर
शालूबाई तात्पुरती बनुबाईकडे आहे. बनुबाईनं तिला आतली खोली दिली, चूल दिली, म्हैस तर दिलीच. मला कुणी विचारलं नाही. कुणीतरी पोझिशन सांभाळायला हवीच, म्हणून मी इथं आहे.
दोन वेळचं ताट भिंतीतल्या भोकातून येतं. म्हणजे पुरावा अगदीच वाया गेला नाही. मी खातो, धुऊन परत सरकवतो. बोलणं नाही, पण भाजी माझ्या आवडीचीच असते. पंधरवड्यात परत येईल.

२० ऑक्टोबर
भाऊसो म्हणाला, दिवाळीच्या आत पत्रे उतरवा, न्हाईतर आमी उतरवू. त्याला लेखी उत्तर देणार आहे. ड्राफ्ट सुरू केला.

६ नोव्हेंबर
ड्राफ्ट पूर्ण होण्याआधीच भाऊसोनं पत्रे उतरवले. पत्रे कायद्यानं माझे आहेत. भिंतीला उभे करून त्यांच्या आडोशाला खाट टाकली आहे. वारा पहिल्यापेक्षा चांगला.
सकाळी पलीकडे गवंडी आला. भोक बुजवायला. मी इकडून त्याला माती कशी मळावी याच्या सूचना दिल्या, त्यानं एकही ऐकली नाही. शेवटची वीट बसताना आत बघितलं. शालूबाई दिवाळीसाठी चूल सारवत होती. माझ्याकडे पाठ होती.
दुपारचं ताट आलं नाही. कामाच्या गडबडीत विसरली असेल, असं धरलं.
तिन्हीसांजेला भिंतीला तोंड लावून हाक मारली. म्हणालो, शालू, चहा तरी दे.
आत बनुबाईनं विचारलं, कोण गं?
शालूबाई म्हणाली, "कुणी न्हाई आत्ती. बोळातलं हाय कुणीतरी."
भिंत ओली आहे अजून, म्हणून इतकं स्पष्ट ऐकू आलं असेल. पुन्हा हाक मारली नाही.