चिंगीचा खुराक

मैंदर्गी, ४ जुलै २०२४

चि. गंगाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मांजराचा विषय निघाला की तुझ्या फोनची रेंज जाते, म्हणून लिहिते. ज्ञानदा म्हणाली, बाबा मांजरासाठी कच्चं चिकन आणतात आणि ओट्यावर, उघड्या हातांनी तुकडे करतात. ज्या घरात कधी अंडं आलं नाही तिथे हे! तेही सोडून दे. माझी एक किडनी तुझ्या पोटात आहे. शरीराने ती परकी म्हणून नाकारू नये यासाठी तू गोळ्या खातोस, आणि त्या गोळ्यांनी तुझी प्रतिकारशक्ती नावापुरती उरलीय. लेकीचं नाही तर निदान माझ्या किडनीचं ऐक. मांजर इकडे पाठव.

रागावलेली, तरी तुझीच,
इंद्रायणीअक्का

सोलापूर, १० जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र चिंगीला वाचून दाखवलं. तिने जांभई दिली.

ऑपरेशननंतर मला खोलीत कोंडलं होतंत. सगळे दारातूनच विचारपूस करून परत जायचे. ही तेवढी खिडकीतून आत आली. दूध-पोळीला तोंड लावत नाही. वरच्या मजल्यावरचे गुरुलिंगअप्पा म्हणाले, कच्चं मांस हाच मांजराचा खरा आहार, केस बघा कसे चकाकतील. चकाकतात की!

काळजी मीही घेतो. पाणी उकळून पितो, फळ सोलून खातो, सिद्धेश्वराचा प्रसादसुद्धा कपाळाला लावून ज्ञानदाला देतो. मांस मी थोडंच खातो? डॉक्टरांना मांजराचं सांगितलेलं नाही. ते फार कामात असतात.

थोडी माया चिंगीकडेही वळवावीस.
गंगाधर

सोलापूर, २ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न.

काल दवाखान्यातून घरी आलो. तुला कळवायचं नाही, असं मीच ज्ञानदाला बजावलं होतं.

ताप, जुलाब, आणि किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन चढलेलं. डॉक्टर रोज विचारायचे, बाहेरचं काय खाल्लंत? मी छातीवर हात ठेवून सांगायचो, काही नाही. शेवटी ज्ञानदाने मांजराचं सांगून टाकलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं पेन खाली ठेवलं. म्हणाले, मांस तोंडात जावं लागत नाही. हाताला, सुरीला, ओट्याला लागलेलंही पुरतं.

मांजर हाकला असं मात्र म्हणाले नाहीत. कच्चं पूर्ण बंद. नीट शिजवायचं, तेही दुसऱ्या कुणी, वेगळ्या सुरी-भांड्यांत, आणि मग साबणाने हात धुवायचे. मी तिची घाण काढायची नाही, तिला चाटू द्यायचं नाही.

तुझी किडनी शाबूत आहे. पण भ्यालो, अक्का. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या तुझंच तोंड दिसत होतं. ज्ञानदाला नोकरी सांभाळून हे सगळं जमायचं नाही. चिंगीला घेऊन जा.

बोलून घे हवं तेवढं, पण अबोला धरू नकोस.
गंगाधर

मैंदर्गी, २५ ऑगस्ट

चि. गंगाधर यास अ. आ.

चिंगी खुशाल आहे. शिजवलेल्या चिकनवर आधी रुसली, मग भुकेने शहाणी झाली. परसात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं मांडलंय. मी तोंडाला पदर लावून दुकानात जाते, तर दुकानदार रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, अक्का, आज लेग पीस देऊ का? गल्लीतले काय समजायचं ते समजलेत. तुझे दाजी आमटीसुद्धा वास घेऊन मग खातात.

ऑपरेशन झाल्यापासून तू मैंदर्गीला फिरकला नाहीस. एसटीतली गर्दी, धूळ, संसर्ग. मला सगळं पटत होतं. आता रविवारी डॉक्टरांना विचारून, गाडी ठरवून, मास्क लावून चिंगीला बघायला येतोयस, असं ज्ञानदाने कळवलं.

ये. ती मागच्या दारी असते. मी पुढच्या दारी असेन, आत जाताना दिसेनच.

तुझी,
अक्का