घोडी तुझ्या दारात थांबते

१२ बहमन १३५३ फसली, शुक्रवार

सरकारी शाळेला शुक्रवारची सुट्टी. सकाळी घोडीला खरारा केला. गेलेल्या भुजंगदादाची औषधांची पेटी उन्हात ठेवली. दुपारपर्यंत कोणी आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तीर्थस्वरूप नर्मदाअक्का,

साष्टांग नमस्कार. (हा नऊ वर्षांचा एकदम आहे, तेव्हा सावकाश घ्यावा.) तुझे गुडघे कसे आहेत? किशनराव भाऊजींच्या खोकल्याची चौकशी करत नाही. रोज तुमच्या दारात अर्धा तास उभा असतो, ऐकू येतो.

लिहिण्याचं कारण घोडी. भुजंगदादा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तेव्हा वाटलं, रोज पांदीने चारठाण्याच्या शाळेत पायी जातो, ते कष्ट वाचतील. पहिल्याच दिवशी ती रस्त्याने तुझ्या गावात शिरली आणि तुझ्या दारात उभी राहिली. मला वाटलं, खुरात खडा रुतला. उतरून चारही खूर पाहिले (किशनराव ओट्यावरून बघत होते, पाचवाही पाहा म्हणाले नाहीत, एवढंच). तेवढ्यात तू हातावर गूळ घेऊन आलीस, दादाच्या जागी मला पाहिलंस, गूळ घोडीला दिलास आणि आत गेलीस. तेव्हा कळलं की दादा इतकी वर्षं तुझ्याकडे येत होता. मला सांगायचा, त्या वाटेला मी जातच नाही. आपलं भांडण तरी काय, आमच्या वास्तुशांतीला किशनरावांना दुसऱ्या पंगतीत बसवलं. चूक पानं मांडणाऱ्याची. पण मी काही बोललो नाही, आणि माझ्या न बोलण्यात तुम्हाला गुर्मी दिसली. (गुर्मी नव्हती. काय बोलावं ते सुचलं नव्हतं. अजून सुचलेलं नाही. दादाच्या दहाव्याला तू आलीस, तेव्हाही तेच झालं.)

मग मी घोडीची ही सवय मोडायचं ठरवलं. शाळेत पोरांच्या सवयी मोडतोच की. (मोडलेली एकही आठवत नाही.) आधी टाच मारली; ती शेपूट हलवून उभीच. मग खिशात गूळ ठेवला आणि तो पुढे धरून तिला तुझ्या दारातून हलवलं. दुसऱ्या दिवसापासून ती तुझ्याकडचा गूळ खाऊन झाला की मान वळवून माझ्या खिशाकडे बघायला लागली. थांबलं की दोनदा मिळतो, हे तिला मीच शिकवलं. मग मी खिसा रिकामा ठेवला, आणि तूही रोज बाहेर येईनाशी झालीस. वाटलं, आता विसरेल. पण दादाच्या वेळी रोज मिळायचा तेव्हा खाऊन लगेच निघत असावी. आता कधी मिळतो, कधी नाही, म्हणून जागची हलत नाही. सोमवारी किशनराव नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलले, “मास्तर, घोडी तुमची हाय का तुमी घोडीचे?” मला उत्तर सुचलं, पण चारठाण्याला पोचल्यावर.

आमच्या सदर मुदर्रिसांनी, म्हणजे मोठ्या मास्तरांनी, माझा उशीर तीनदा लिहून ठेवला आहे. चौथ्यांदा झाला तर कागद वर जाईल, आणि मग नोकरीचं सांगता येत नाही. म्हणून विनंती की पंधरा दिवस घोडीला कोणीही गूळ देऊ नये. दारच लावून घ्यावं. (पुन्हा पायी का जात नाहीस, असं तू विचारशील. विचारू नयेस.)

तुझा धाकटा भाऊ,
दिनकर

ता. क. बुधवारी आत जाताना तू “जेवलास का?” म्हणालीस. मी हो म्हणालो. ते खोटं होतं. काल तुझ्या दाराशी घोडीच्या आधी मीच लगाम ओढला.

पुन्हा ता. क. वरची विनंती रद्द समजावी. गूळ द्यावा, पण रोज नको, अधूनमधून. म्हणजे तिची सवय मोडणार नाही. मी घरून तासभर आधी निघेन.

हे पत्र टपालात टाकत नाही, उद्या हातात देईन. दादा गेल्यापासून एकट्यापुरतं पीठ किती घ्यावं, याचा अंदाज अजून येत नाही. आता मळायला घेतो.