रिव्हर्समध्ये पास झालेली गाडी

इस्लामपूर, मंगळवार संध्याकाळ

निघालो होतो पलूसला, पण वाटेत पोलीस गस्तीसाठी घ्यायच्या दोन नव्या गाड्या, एक मोठी अन् एक लहान, चालवून तपासत होते, तिथंच रेंगाळलो. ठाण्याच्या साहेबांना मोठी पसंत. ड्रायव्हर जाधवबाईंनी मात्र दोन्ही गाड्या उसाच्या फडांमधल्या अरुंद रस्त्यावर रिव्हर्समध्येच पळवल्या. नुसत्या रिव्हर्समध्ये! मोठीचं चाक दोनदा रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेलं.

"बाई, सरळ कवा चालवणार?" साहेब हसले.

"साहेब, समोरनं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला तर त्यो मागं सरत न्हाई, आपणच सरायचं. आपण चारीत अडकलो तर ज्या गावातनं फोन आलाय तिकडं मारामारीत एखादा जीवानिशी जाईल."

साहेबांनी स्वतः मोठी गाडी मागं घेऊन बघितली. घामाघूम होऊन उतरले. "कागदावर लहानच लिवा."

लय भारी बाई! मला निवडायला सांगितलं असतं तर मी आधी सायरन वाजवला असता.