देवरानात लोखंड

११ मे, रविवार

आज जे झालं ते आधी क्रमाने.

१. गेल्या रविवारी, दाव्याच्या मोजणीसाठी, गावच्या देवरानाच्या हद्दीवर मी अकरा खुंट्या ठोकल्या. लोखंडी. डोक्याला लाल रंग, त्यावर आकडा.
२. आज सकाळी कुसाबाईला त्यातली एक दिसली.
३. दुपारपर्यंत रान राखणाऱ्या चौघी म्हाताऱ्यांनी (कुसाबाई आणि माझी आत्या त्यांतल्याच) रान बंद केलं. वाटेवर आडवी फांदी टाकली. आता आत कोणी जाणार नाही. कंदाला नाही, झिऱ्याच्या पाण्यालाही नाही.
४. २९ तारखेला, गुरुवारी, वनहक्काच्या दाव्याची पडताळणी आहे. पथक येईल, आणि चौघींनी त्यांना रानातून फिरवून हद्द दाखवायची आहे. त्यांचं सांगणं हाच आमचा मुख्य पुरावा.
५. चौघी आत पाऊल टाकणार नाहीत.
६. म्हणजे पुरावा नाही. दावा पडला की हे रान कागदावर कोणाचंच नाही.

लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

लोखंडाचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. लहानपणी आत्यानेच शिकवला. रानाच्या तोंडाशी मोठा दगड आहे. कोयता, विळा, कुऱ्हाड तिथे ठेवायची, मग आत जायचं. कंद काढायचा तो खैराच्या टोकदार काठीने, आणि त्याचा डोळा परत मातीत पुरायचा. हे सगळं माहीत होतं! पण मी लोखंड म्हणजे पातं असा अर्थ लावला. खुंटी काही कापत नाही, तेव्हा खुंटी चालेल. कोणाला विचारलं नाही.

कुसाबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "या, इंजिनेरबाई! लोखंड पेरून गेलीस. उगवलं का बघाया आलीस?"

सगळे हसले. आत्या हसली नाही. बाकी तिघींना 'माझी भाची मोजून देईल' असं तिनेच सांगितलं होतं.

चौघींनी उपाय एकच सांगितला. ज्याने लोखंड आत नेलं त्यानेच ते लाकडाने उकरून बाहेर आणायचं. सगळं. एकही राहता कामा नये.

१२ मे, सोमवार

अंबड. मोजणी कंपनीचं ऑफिस. आमचे साहेब यादवसर, त्यांनी विचारलं, "झालं का गावाकडचं काम?" मी म्हटलं, झालं.

सर माणूस चांगला. एवढं महागाचं मोजणीचं यंत्र घरच्या कामाला कोण देतं? मी मागायच्या आधीच म्हणाले होते, "घेऊन जा, ज्योत्स्ना. आदिवासींचं काम आहे. खुंट्याही ने स्टोअरमधून. फक्त मोजणी आपल्या कॉम्प्युटरवर टाकून ठेव, बॅकअप राहील." टाकली.

रान बंद झाल्याचं त्यांना सांगितलं नाही. आमच्या गावचं काही सांगायचं झालं की समोरचा किती हसेल याचा अंदाज मी आधी घेते. सर हसले नसते बहुतेक. तरी नाही सांगितलं.

१४ मे, बुधवार

मंगळूचा फोन, आज तिसऱ्यांदा. गावच्या वनहक्क समितीचा अध्यक्ष तो, बिचारा. "ताई, पथकाला काय सांगू? आमच्या बाया रुसल्यात म्हणू?"

१८ मे, रविवार

खुंट्या काढल्या. हात सोलून निघालेत, पेन धरवत नाही. तरी लिहिते.

पेठला उतरून जीपने गावात गेले तेव्हा चौघी दगडापाशी बसलेल्याच होत्या. फांदीच्या अलीकडे. चपला काढायला लावल्या. आत मी एकटी, हातात काठी. दगडापासून ओरडून सूचना चालू होत्या! ठोकताना हातोडीच्या चार घावांत जी आत गेली, ती लाकडाने उकरायला अर्धा तास. कुसाबाईचा आवाज सगळ्यात मोठा. "जोर लाव गं! ठोकताना कोनाला बोलावलं नव्हतंस, आता बी कोन येनार नाय."

चौघींतल्या विमलाबाईने जाताना माझ्या ओढणीत कंदाचे तुकडे बांधून दिले होते, प्रत्येकाला एक डोळा. "लोखंडाच्या जागी काय तरी जितं ठेव." प्रत्येक खड्ड्यात एक ठेवला. वर माती.

अकरा खुंट्या दगडावर ओळीने मांडल्या. एक ते अकरा. संपलं असं वाटलं.

विमलाबाई म्हणाली, "आन् झिऱ्यापाशी हाय ती?"

मी म्हटलं, झिऱ्याकडे मी गेलेच नव्हते. माझी हद्द वरून जाते.

"समोरच्या टेकाडावर शेळ्या चारते मी. चार दिसांपासून बघते. ऊन पडलं का चमकती."

मी मोबाइल काढून नकाशा दाखवला. हे बघा, अकरा बिंदू. झिऱ्यावर एकही नाही.

कुसाबाई वाकून बघत म्हणाली, "त्याला काय इचारतेस? तो तर तुझ्याच खिशात व्हता."

परत हशा. आत्या तेवढी म्हणाली, "ती नाय म्हनते ना." मग मला बाजूला घेऊन, "पन बाई, विमल कधी खोटं बोलत नाय गं."

'बघून येते' म्हटलं असतं तर तिथेच निकाल लागला असता. जीप सुटत होती हे कारण मी त्यांना दिलं. खरं कारण असं की माझ्या मोजणीवर कोणी शंका घेतलेली मला खपत नाही.

निघताना आत्या दरवेळी पदराआडून काहीतरी देते. नागलीची भाकर, सुकवलेली मोहाची फुलं. आज रिकाम्या हाताने उभी होती.

२० मे, मंगळवार

काम होत नाही. एक आकडा दोनदा चुकला.

मंगळूने सुचवलं, तिघींना घेऊन जाऊ, विमलाबाई राहू दे. त्याला एवढंही कळू नये! तो बाप्या, पुरुषमाणूस. त्याला कोणी आत फिरवलंच नाही कधी. हद्द चौघींत वाटलेली आहे. उगवतीची बाजू आत्याची, वरचा कडा कुसाबाईचा, सागाकडची सुलाबाईची, झिऱ्याकडची विमलाबाईची. सासूने सुनेला दिलेली. प्रत्येकीने आपल्याच बाजूची झाडं नावं घेऊन सांगायची. जिथे एकीचं सांगणं संपतं त्या झाडाला दुसरीने हात लावायचा, मग पुढे. एकीची बाजू दुसरीने सांगायची नाही. माहीत असली तरी नाही. विमलाबाई बसून राहिली तर हद्द तिथेच तुटणार, नेमकी पाण्यापाशी.

या चौघींनी तीस वर्षं हे रान राखलं. आधी लाकूडवाले, मग कोळसेवाले. एकदा तर चौघी ट्रकसमोर बसून वरई निवडत राहिल्या, ट्रक परत जाईपर्यंत! आणि मोडणार कोणामुळे? माझ्यामुळे. मोजणी चुकली असती तर दुरुस्त केली असती. मोजणी बरोबर आहे. तरी रान बंद.

२३ मे, शुक्रवार

दुपारी स्टोअरमध्ये गेले. खुंट्यांचा नवा माल आलाय, डोक्याला पिवळा रंग. गेल्या महिन्यात लाल होता. त्यातली एक पिशवीत टाकली.

रविवारी ती घेऊन आत जायचं. झिऱ्यावर जरा वेळ काढायचा. बाहेर येऊन म्हणायचं, ही बघा, मिळाली, माझ्याच लक्षात नव्हती. रंगाचं कोणी विचारलंच तर उन्हाने उडाला म्हणेन. म्हाताऱ्यांचं समाधान होईल, फांदी उचलली जाईल, गुरुवारी पथक येईल. यात नुकसान कोणाचं?

आत्ता वरचं परत वाचलं. नीट वाचवत नाही. पिशवीतून मात्र काढली नाही.

२४ मे, शनिवार

आत्याचा फोन. ती स्वतः कधीच करत नाही. "येतेस ना उद्या?" एवढंच. मग, "बाया माझ्याशी बोलत्यात, पन पैल्यासारखं नाय."

२५ मे, रविवार

१. दगडापाशी पोचले. चौघी होत्याच. खुंटी पिशवीतून काढून दगडाच्या पुढे नेववेना. पिशवी तिथेच ठेवली. काठी घेऊन आत गेले. म्हटलं, निदान एकदा बघावं.
२. झिऱ्याच्या वरच्या अंगाला खुंटी आहे.
३. मी ठोकलेली नाही. खड्ड्याभोवतीची माती अजून ताजी आहे. डोकं पिवळं. आकडा १२.
४. लाकडाने उकरली. खड्ड्यात कंद ठेवला. खुंटी बाहेर आणून पिशवीतलीच्या शेजारी ठेवली. तीच जाडी, तोच रंग, तोच आमच्या ऑफिसचा शिक्का.
५. कुसाबाई म्हणाली, "बघ. उगवलं." या वेळी कोणी हसलं नाही.
६. विमलाबाईने फांदी उचलली.
७. आत्याने माझे हात उलटे करून फोड बघितले. म्हणाली, "तुझ्या लाल व्हत्या. म्हंजी तू नाय." मग, "मंग तुझ्यामागून कोन आलं गं?"

जीपमध्ये बसल्यावर यादवसरांना पाठवलेला मेसेज, जसाच्या तसा:

सर, आमच्या देवरानातल्या झिऱ्यापाशी आपल्या ऑफिसची खुंटी मिळाली. आकडा १२. माझ्या मोजणीत १ ते ११ आहेत, आणि ती मोजणी माझ्याशिवाय फक्त आपल्या कॉम्प्युटरवर आहे. गुरुवारी चौघीजणी पथकाला हद्द दाखवणार आहेत. त्या वेळी ही खुंटी दगडावर ठेवलेली असेल आणि मी तिथे असेन. झिऱ्यावरची मोजणी कोणी केली आणि कोणासाठी, हे बुधवार, २८ मेपर्यंत लेखी कळवावे.