हेडफोनला दहापैकी किती?

१८ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ४.१०
हेडफोन आला. वायरलेस. गेमिंग. दोन्ही कानांवर लाइट लागतात, निळा आणि जांभळा. खोक्यावर साठ तास बॅटरी लिहिलंय.

घेण्याचं कारण नोंदवून ठेवतो. येत्या आखाजीला, म्हणजे तीस तारखेच्या अक्षय्य तृतीयेला, आप्पा (माझे वडील) मार्केट यार्डात आमच्या भाजीच्या लिलावाला उभं राहणं सोडणार. त्यांना बोली ऐकू येत नाही. व्यापारी एक म्हणतो, आप्पा दुसरंच ऐकतात. माल आत न्यायच्या गेटपासची खाकी पिशवी त्या दिवशी पुढच्या माणसाच्या हातात देणार, असं त्यांनी गुढीपाडव्यालाच जाहीर केलंय. पुढचा माणूस मीच. एकुलता एक आहे. माझी बायको सुवर्णाही रोज आप्पांबरोबर लिलावाला जाते, पण ती भाजीच्या जुड्या रचायला. लिलाव म्हणजे डोकं लागतं.

आणि उद्याचा शेतकरी उद्यासारखा दिसायला हवा. म्हणून हेडफोन.

सुवर्णाने अट घातली. दहा दिवसांत परत करता येतो ना, मग दहा दिवसांत घरातलं एक तरी काम याने नीट करून दाखवा, नाहीतर खोक्यात घाला. एक काम! मी दहा दाखवीन. पद्धतशीर परीक्षण करणार. रोज एक उपयोग, दहापैकी मार्क, रोजच्या रोज नोंद.

लिहिताना माझे ओठ हलतात आणि शेजारच्याला ऐकू जातं, असंही ती म्हणाली. जाऊ दे. या घरात ऐकतंय कोण.

१९ एप्रिल, शनिवार
उपयोग पहिला: गेम. तेजलकडून (बारावी झाली, सुट्टी आहे) तिच्या लॅपटॉपवर लढाईचा गेम लावून घेतला. शत्रूची पावलं इतकी स्वच्छ ऐकू आली की अंगावर काटा आला. डावीकडून आली. मी डावीकडे वळलो. उजवीकडून गोळी लागली. चाळीस सेकंद.
असं सहा वेळा.
तेजल म्हणाली, पप्पा, तुम्ही उलटा घातलाय.
डावं-उजवं ही अक्षरं फार बारीक छापतात. कंपनीला कळवणार. मार्क ९.

२० एप्रिल, रविवार
उपयोग दुसरा: शेतीकाम. वर्षभरासाठी ठेवलेला सालदार पाडव्यालाच काम सोडून गेला, म्हणून सध्या मेथीला पाणी मी देतो. थ्री फेज वीज दुपारी एकला आली. ऑटो स्विचवरची मोटार चालू झाली, पाणी वळवायला वाफ्याचं दारं धरलं, हेडफोन घातला, आवाज बंद करायचं बटण दाबलं. काय शांतता! मोटार नाही, कुत्री नाहीत, मखमलाबाद रोडचे ट्रॅक्टर नाहीत. बांधावर बसून डोळे मिटले.
उघडले तेव्हा लांबून सुवर्णा दोन्ही हात हलवत होती. मीही हलवला. बऱ्याच दिवसांनी ती अशी लांबून हात करत होती, बरं वाटलं.
चार वाफे वाहून गेले. पाणी शेजाऱ्याच्या गुलाबात शिरलं.
पण हेडफोनचं काम आवाज बंद करणं, ते त्याने केलं. मार्क १०. मेथी वेगळ्या खात्यात.

२१ एप्रिल
मान दुखते. नोंद नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
उपयोग तिसरा: स्वयंपाकघर. सुवर्णा सांगून गेली होती की तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा. मी एकही ऐकली नाही. ऐकल्याशिवाय बंद कसा करणार? मी शब्दाचा पक्का आहे.
वरण काळं झालं. आप्पांनी खाल्लं, आमटी बरी हे, म्हणाले. मार्क ८.

२३ एप्रिल, बुधवार
उपयोग चौथा: व्हिडिओ कॉल. नामपूरहून सासरे, गोटीरामबाबा. आखाजीला लेकीला माहेरी पाठवा म्हणून फोन. मग कांदा. कांद्याचं वावर, कांद्याची चाळ, कांद्याचं बी. हेडफोनचा माइक वर केला की बंद होतो, असं मी मागच्या रविवारी कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. वर केला. तेजलला म्हणालो, बाबा आता तासभर कांद्यातून बाहेर येत नाहीत, चहा टाक.
तो व्हिडिओ दुसऱ्या मॉडेलचा होता.
बाबा म्हणाले, कांदानं बोलनं सरनं, जवाईबापू, आते चहा पी ल्या.
माइकची क्वालिटी उत्तम. नामपूरपर्यंत शब्द न् शब्द गेला. मार्क १०. सुवर्णा माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे परीक्षणाला शांत वातावरण मिळालं.

२५ एप्रिल, शुक्रवार. रात्री
आज खरी परीक्षा. आप्पा सिन्नरला लग्नाला. कोथिंबिरीचा लिलाव माझ्याकडे! सुवर्णा होती, जुड्या रचायला.

घरून निघतानाच हेडफोन घातला, लाइट चालू. यार्डात सगळे वळून बघत होते. चेहरा शांत ठेवायचा म्हणून दणदणीत गाणं लावलं. अशा गाण्याला मान आपोआप हलते, त्यात माणसाचा दोष नाही.

व्यापाऱ्यांचा घोळका आमच्या ढिगापाशी आला. पुढे केरूशेठ, कोथिंबिरीतले जुने. त्यांचे ओठ हलले. माझी मान हलली.

आता इथला रिवाज असा आहे की मालकाने मान हलवली की सौदा पक्का. पुढे बोली नाही. केरूशेठने पहिला म्हणून जो भाव काढला, तो इतका कमी की त्यांना स्वतःलाही खरा वाटत नव्हता, असं नंतर समजलं. सुवर्णाने माझ्या कानावरून हेडफोन ओढला तेव्हा माल टेम्पोत चढायला लागला होता.

मग तिने जरा मदत केली. केरूशेठना म्हणाली, शेठ, मान हलली ती मालकाची नाही. मालक सिन्नरला जेवायला बसलेत, गेटपास माझ्या हातात आहे. हे लाइटवाले तर नुसते बरोबर आलेत. सगळा घोळका हसला. माल खाली उतरवला, बोली पुन्हा झाली. भाव बरा आला. आकडा इथे लिहीत नाही, ही हिशेबाची वही नव्हे.

परतताना टेम्पोत ती एवढंच म्हणाली की अहो, लिलावात तोंडापेक्षा कान लागतात. मी म्हटलं, म्हणूनच तर कानांवर खर्च केला.

मार्क ७. लाइटमुळे व्यापारी बिचकतात.

ठराव: आप्पांना हे कळू द्यायचं नाही.

२७ एप्रिल, रविवार
उद्या परतीचा शेवटचा दिवस. अजून एकही काम सुवर्णाला मान्य नाही. तिचे निकष फार कडक आहेत.

सकाळी तेजलने सेटिंगमध्ये एक प्रकार शोधला, बाहेरचा आवाज मोठा करून आत सोडायचा. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आप्पा!

आप्पांना कानाचं मशीन घ्या म्हणून आम्ही सहा वर्षं मागे लागलोय. त्यांचं उत्तर ठरलेलं: मशीन म्हातारे लावत्यात. वय अठ्ठ्याहत्तर. आज मी हेडफोन पुढे केला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, लाइट बघितला. हे काय मशीन हे का, विचारलं. मी म्हटलं, नाही आप्पा, गेम खेळायचा आहे. मग घाल, म्हणाले. खेळायला काय जातंय.

टोपीवरून घातला. आप्पांनी मान इकडेतिकडे फिरवली. मग वर बघून म्हणाले, हा पंखा करकरतो व्हय रे? मग म्हणाले, तेजीचा आवाज तिच्या आजीवानी हे, मला कुणी सांगितलंच नाय.
सुवर्णा स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. मीही डोळे पुसले. लपवण्यासारखं नाही ते.

मार्क १०! खरे १०! अट पूर्ण झाली, सुवर्णाने स्वतः कबूल केलं. परत करायचा नाही. मी जिंकलो.

२८ एप्रिल, सोमवार
आप्पा हेडफोन काढत नाहीत. साठ तास बॅटरी आहे.

एक अडचण लक्षात आली. गेल्या काही वर्षांत मला एक सवय लागली आहे. आप्पांना अर्धं उत्तर मोठ्याने द्यायचं आणि उरलेलं अर्धं हळू, स्वतःसाठी. 'हो आप्पा, बघतो' हे मोठ्याने. त्यापुढचं हळू.
आज सकाळी त्यांनी विचारलं, पाण्याचं बघितलं का? मी म्हटलं, हो आप्पा, बघतो. आणि हळू म्हटलं, तुमचं एक संपतच नाही.
आप्पा म्हणाले, संपंल की. घाई हे का तुला?

दिवसभर बोललो नाही. दुपारी सुवर्णा मागच्या दारी तेजलला शुक्रवारच्या लिलावाची गोष्ट सांगत होती. हळू आवाजात. आप्पा पुढच्या ओट्यावर होते. हसताना त्यांना ठसका लागला.

परतीची मुदत सायंकाळी संपली.

२९ एप्रिल, मंगळवार
आप्पा हेडफोन घालून लिलावाला गेले. मी मेथीला पाणी द्यायला घरी.
परत आले ते वीस वर्षांनी लहान होऊन. केरूशेठ दुसऱ्या व्यापाऱ्याच्या कानात कुजबुजले की म्हातारा बहिरा हे, पहिल्याच भावात दाबू. आप्पा म्हणाले, दाबा की शेठ, पण मी ऐकतोय. सुवर्णाने मग बोली चढवत नेली. तिने आणि आप्पांनी ही गोष्ट मला तीनदा सांगितली. मी तीनदा हसलो.
काळजीचं कारण नाही. पिशवी उद्याच आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. दुपारी २
आमरस-पोळी झाली. घागर पुजून झाली. आप्पांनी खाकी पिशवी मांडीवर घेतली. मी नवा शर्ट घातला होता.

आप्पा म्हणाले, आता मला ऐकू येतंय, तर मी कशाला लिलाव सोडू? हे साल मीच उभा राहतो. नंतर पिशवी सुवर्णाची. तिला कान हेत.

मग माझ्या हातात नारळ दिला. आमच्याकडे आखाजीला सालदाराला नारळ देऊन वर्षाचं काम ठरवतात. सालदाराची जागा रिकामी होतीच. वर्षभर पाणी माझ्याकडे. अट एक, दारं धरताना कानात काही घालायचं नाही.

मी मोठ्या मनाने घेतलं. खरं तर पिशवी मला देऊ करत होते, मीच नको म्हटलं. नव्या पिढीने ज्येष्ठांना संधी द्यावी. हेडफोनचं एकूण परीक्षण यशस्वी, सरासरी मार्क

२.१५
आत्ता ओट्यावरून आप्पांचा आवाज आला. म्हणाले, पिशवी कुणी देऊ केली नव्हती, ते खोड.
मी खोलीत आहे. दार लावलेलं आहे. ओठ तेवढे हलत होते.

दुरुस्ती: पिशवी मला कुणी देऊ केली नाही. मला हवी होती.

२.२०
आप्पा म्हणाले, आता बरोबर हे. आणि म्हणाले की वावरातली मोटार सुरू झाली, लाइट आली, ऊठ.
मला तर काहीच ऐकू येत नाही.