कुंपणाची पलीकडची बाजू

आगाशी,
शनिवार, ७ डिसेंबर २००२

प्रिय प्लासिड,

'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने लिहून गेला. खोडावा असं दोनदा मनात आलं, पण चाळीस वर्षांची सवय एका रजिस्टर्ड पाकिटाने मोडत नाही, म्हणून राहू दिला आहे. त्याच्यापुढे मात्र गोड काही वाचायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

मंगळवारी तुझ्या वकिलाची नोटीस मला मिळाली. इंग्रजीत आहे, तीन पानी आहे, आणि एव्हाना ती मला शब्दरूपांसारखी पाठ झाली आहे. वकिलाचं म्हणणं असं, की त्याचे अशील श्री. प्लासिड, सध्या मुक्काम मस्कत, यांच्या आगाशीच्या वाडीत मी, चंद्रहास, वय बावन्न, धंदा शिक्षक, याने बेकायदा प्रवेश केला आणि कुंपणाच्या त्यांच्याकडील बाजूस दुष्ट हेतूने एक 'गडद तपकिरी द्रव' फासला. त्यायोगे हद्दीवर मालकी सांगण्याचा माझा डाव उघड झाला. सबब पंधरा दिवसांत मी कुंपण पूर्वस्थितीत आणावं, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही बाजूंनी माझी खैर नाही. पूर्वस्थितीत आणायचं म्हणजे कसं, एवढं मात्र त्या विद्वानाने लिहिलेलं नाही. तो द्रव लाकडात मुरतो रे. पुसून निघत नाही, खरवडून निघत नाही. आणि पूर्वस्थितीत त्या फळ्यांत वाळवी होती. तिला मी आता निमंत्रणपत्रिका पाठवून परत बोलावू का?

वकिलाला काय ठाऊक असणार, पण तुला सगळं ठाऊक आहे, म्हणून राग येतो. ते कुंपण आपल्या दोघांच्या बापांनी घातलं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानी फळ्या त्यांनी निम्म्या-निम्म्या विकत घेतल्या आणि बैलगाडीतून आणल्या. त्या गाडीत मागे आपण दोघं बसलो होतो, आणि माशांच्या वासाने तू ओकला होतास. मी नव्हतो, ही नोंद पुन्हा एकदा करून ठेवतो. कुंपण सामाईक, पण तोंडं दोन. आमच्याकडचं तोंड आमचं, तुमच्याकडचं तुमचं. नाताळच्या आधीच्या एका शनिवारी, दव पुरतं सुकल्यावर, फ्रान्सिसकाका त्यांच्या बाजूने आणि माझे वडील आमच्या बाजूने एकाच वेळी सुरुवात करायचे. गॅरेजमधलं जळकं ऑइल आणि काजूच्या टरफलाचं तेल असं ते मिश्रण, एकच डबा, फळ्यांवरून इकडून तिकडे जायचा. दुसऱ्याच्या बाजूला ब्रश कधी लावायचा नाही, कारण ज्याचा हात लागला त्याची बाजू, असा गावचा समज. एकदा मी तुमच्याकडे येऊन उत्साहाने एक फळी काळी केली, तेव्हा वडिलांनी माझा कान धरून मला फ्रान्सिसकाकांपुढे उभं केलं होतं. ते हसले, आणि त्याच फळीवरून त्यांनी स्वतःचा ब्रश पुन्हा फिरवला. म्हणजे हा नियम मला तुझ्या वकिलाने शिकवायला नको. मी तो कानाने शिकलेला आहे.

आता हिशेबाने सांग. फ्रान्सिसकाका गेले त्याला पाच वर्षं झाली. त्यांच्या मातीला तू आलास, दहा दिवस राहिलास, आणि गेलास तो गेलासच. पहिल्या वर्षी पत्रं यायची, मग नाताळचं कार्ड, मग नाताळचा फोन. या पाच वर्षांत तुमच्या बाजूला ब्रश लावणार कोण होतं? मी माझी बाजू दर वर्षी सांभाळत होतो. पण लाकडाला अर्धं भिजणं ठाऊक नसतं, पलीकडून प्यालेलं पाणी ते अलीकडे आणून देतं. त्यात मीही एक दिवा लावला, तोही सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी दुकानदाराच्या सल्ल्याने मी माझ्या बाजूला हिरवा ऑइल पेंट मारला. चकचकीत दिसला. सरलाने नवऱ्याचं कौतुक म्हणून दोन दिवस शेजारच्या बायकांना बोलावून दाखवला. पुढच्या पावसाळ्यात त्याला फोड आले, आणि फोड नखाने उचलला तर आत लाकूड चहात भिजलेल्या खारी बिस्किटासारखं. पेंट वर बसतो आणि पाणी आत कोंडून ठेवतो. हे मला तिसाव्या वर्षी कळायला हवं होतं, पन्नाशीला कळलं.

म्हणून या वर्षी नीट करायचं ठरवलं. जळकं ऑइल बाद, कारण त्या वासाने सालोमीमावशीला खोकल्याची उबळ येते. सालोमीमावशी म्हणजे तुझी आई, आठवण राहिली नसली तर सांगतो. विरारच्या दुकानात गेलो तर त्याने शेडकार्ड पुढे केलं. अक्रोड, शिसव, महॉगनी, साग. अक्रोडाचं झाड आपल्या तालुक्यात कोणी पाहिलेलं नाही, पण त्याचा रंग मात्र डब्यात भरून येतो. सागाला सागाचाच रंग देण्यासाठी पैसे मोजायचे ही कल्पना मला पचायला वेळ लागला. दुकानदार म्हणाला, मास्तर, रंगासाठी नाही, पाणी आत जाऊ नये आणि ऊन लागू नये म्हणून. हे त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं. मी तीन लहान डब्या आणल्या आणि माझ्या बाजूच्या तीन फळ्यांवर एकेक पट्टा ओढून पाहिला. महॉगनी उन्हात कावीसारखा दिसला, अक्रोड नुसताच काळवंडला.

मावशी पलीकडून बघत होती. अर्थात बघत होती. हल्ली तिचं सगळं जग त्या कुंपणापर्यंतच येतं. गुडघे देवळापर्यंतही नेत नाहीत, फादर महिन्यातून एकदा घरी येतात. बावखलाच्या पाण्याकाठी खुर्ची टाकून बसते आणि मला सूचना करते. तिला सागाचा पट्टा पसंत पडला, देवळातल्या बाकांसारखा आहे म्हणाली. मी म्हटलं बरं. मग म्हणाली, माझ्या बाजूलाही हाच लाव. मी नियम सांगितला. कानाची गोष्टही सांगितली, जी तिने स्वतः पाहिली होती. त्यावर ती तुमच्या घरच्या बोलीत जे बोलली ते मला त्या गोडीने कागदावर उतरवता येत नाही, अर्थ एवढाच:

"ही बाजू कोणाची? माझी. मग मी सांगते, लाव."

तरी मी लावला नाही. कुंपणाच्या खुंटावरचे हिरव्या पेंटचे पोपडे खरवडत बसलो. तेव्हा ती काठी टेकत उठली, माझ्या हातातला ब्रश फळ्यांवरून काढून घेतला, डब्यात बुडवला आणि तुमच्या बाजूच्या पहिल्या फळीवर वरपासून कमरेपर्यंत एक हात मारला. पट्टा वाकडा आला आहे, तो मी तसाच ठेवला आहे. मग खुर्चीत बसली आणि धाप लागली तरी हसत राहिली. म्हणजे गावच्या नियमाने पहिला हात मालकिणीचा झाला, मी फक्त मजूर. तुझ्या वकिलाला कळव, फौजदारी करायची असेल तर आरोपी क्रमांक एक सालोमी, वय एकोणऐंशी, धंदा मुलाची वाट पाहणे.

त्यापुढचं काम मी नऊ दिवस केलं. शाळेतून आल्यावर, म्हणजे दुपारी, कारण सकाळी फळ्या दवाने ओल्या आणि संध्याकाळी पुन्हा गार. आधी पॉलिश पेपर, मग पाण्याचे चार थेंब टाकून बघायचं. थेंब पटकन आत गेला तर लाकूड प्यायला तयार. ब्रश रेषांच्या दिशेने, वरून खाली. पहिल्या दिवशी जास्तीचा द्रव फडक्याने पुसायला विसरलो, तर सकाळी चार फळ्या चिकट, आणि मावशीची एक कोंबडी शेपटीने कुंपणाला चिकटून बसलेली. कोंबडी सुटली, पिसं राहिली. ती पिसं तुझ्या वकिलाला पुरावा म्हणून हवी असतील तर पाठवीन.

आणि याच नऊ दिवसांत, अगदी दुसऱ्याच दिवशी, तुझा चुलत भाऊ वॉल्टर नायगावहून मोटरसायकलवर आला. तुझं मुखत्यारपत्र त्याच्याकडे आहे, ते त्याने मला या आधी तीनदा सांगितलेलं आहे. वर्षातून दोनदा येतो, चिकू मोजतो, मावशीला फळांचं एक पाकीट देतो, उभ्या उभ्या जातो. मला तुमच्या बाजूला ब्रश घेऊन उभं पाहिलं आणि मोटरसायकल वळवून निघून गेला. मी हाक मारली, हेल्मेटमध्ये ऐकू आली नसावी. त्याने तुला काय कळवलं असेल ते नोटिशीवरून दिसतंच. त्याला मी पुरता दोष देत नाही. सध्या इथे वाड्याच्या वाड्या विकल्या जात आहेत, हद्दीचे दगड रातोरात सरकतात, सख्ख्या भावांची तोंडं कोर्टात उघडतात. पण प्लासिड, तू मला विचारू शकला असतास. एक ओळ. 'चंद्या, हे काय चाललंय?' आठवीत संस्कृतात तुला पैकीच्या पैकी मिळावेत म्हणून मी त्या कुंपणाशी उभा राहून महिनाभर तुझ्याकडून 'देव' चालवून घेतला, तेव्हा तू मला वकिलामार्फत विचारत नव्हतास.

आता हे पत्र का लिहितो आहे ते. नोटिशीला उत्तर म्हणून नव्हे. उत्तर देण्यासाठी मूळ नोटीस समोर लागते आणि ती माझ्याकडे नाही. ती तुझ्या आईकडे आहे. मंगळवारी पोस्टमन आला तेव्हा मी तुमच्या बाजूला शेवटच्या फळ्यांना दुसरा हात देत होतो. तिथेच सही केली, तिथेच पाकीट फोडलं, आणि पहिल्या ओळीतलं तुझं नाव माझ्या तोंडून मोठ्याने बाहेर पडलं. मावशीने ऐकलं.

"माझ्या प्लासिडचं पत्र? मग उभा काय राहिलास, वाच की."

तिचा चेहरा तू पाहिला नाहीस. मी पाहिला. इंग्रजी तिला येत नाही, आणि मोतीबिंदूने मराठीही आता पुसट झाली आहे. मी तीस वर्षं मुलांना सत्य बोलायला शिकवतो. त्या दुपारी मी तीन पानं इंग्रजी नोटीस सावकाश, पानं उलटत, मराठीत वाचून दाखवली: आई, मी बरा आहे, कामामुळे जमलं नाही, पप्पांची फार आठवण येते, कुंपणाला रंग दिलास ते चंदूने कळवलं, नाताळला येतो. 'बेकायदा प्रवेश'च्या ठिकाणी मी 'तुझ्या हातचे तळलेले फुगे आणि डुकराचं इंद्याल खायचंय' असं वाचलं. इंद्याल मी जन्मात चाखलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा वाचायला लावलं. पहिल्यांदा मी वीस तारीख म्हटली होती, दुसऱ्यांदा बावीस म्हणून गेलो, आणि तिने पकडलं. अक्षर वाईट आहे, बावीसच आहे, असं सांगून सुटलो. नोटीस तिने घडी करून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहे. सरलाला बरोबर घेऊन गाद्या उन्हात टाकल्या आहेत. फादरना सांगून झालं आहे. रोज पाव घेऊन येणाऱ्यालाही ठाऊक आहे. मी आजवर कोणावर इतका चिडलो नव्हतो, कारण आजवर कोणी मला इतकं खोटं बोलायला लावलं नव्हतं. तू तुझी नोटीस मागे घे किंवा घेऊ नकोस. मोजणी हवी तर सरकारी मोजणीदार आण, टेपचं दुसरं टोक मी धरीन, आणि कुंपण वीतभर माझ्या बाजूला सरकलं तरी हूं की चूं करणार नाही. फोन केला असता, पण बूथवर मी ओरडलो असतो आणि अर्ध्या आगाशीने ऐकलं असतं, म्हणून हे कुरिअरने पाठवतो आहे. बुधवारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तिकीट काढायला तेवढा वेळ पुरतो. रविवारी, बावीसला, संध्याकाळी पोचशील असं मी तिला वाचून दाखवलं आहे. सकाळीच आलास तरी चालेल, वाचण्यात चूक माझी झाली असं मी सांगेन.

अजून तरी तुझाच,
चंद्रहास