खुर्च्या नसलेली बैठक

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून तुमच्याकडेच तक्रार घेऊन येते आहे. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांसाठी आमच्या हॉस्पिटलात सगळ्या विभागांचा मिळून एक गट करायचा, एवढंच मला हवं होतं. रुसलेल्या व्याह्यांना एका पंगतीत बसवणं यापेक्षा सोपं असावं.

खडकीच्या कारखान्यातला एक फिटर बरेच दिवस ताप अंगावर काढून आमच्याकडे आला. झडपेवर जंतूंचा गोळा लोंबत होता. तुकडा सुटून मेंदूत गेला असता तर संपलंच असतं. सर्जनसाहेबांनी फाइलवर लिहिलं, आधी ताप उतरू द्या. मी संसर्गरोगांची डॉक्टर. मी खाली लिहिलं, झडप बदलल्याशिवाय ताप उतरणार नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी दोघांशीही सहमती दर्शवली. फाइल मजल्यामजल्यांवर हिंडत होती आणि माणूस पलंगावर खंगत होता. बैठक बोलावली, तर ती कोणाच्या केबिनमध्ये यावरच दुपार गेली. शेवटी हॉल घेतला. चहा आला, बिस्किटं आली, निर्णय काही आला नाही.

मला तुमची फेरी आठवते. तुम्ही वॉर्डात डॉक्टरांना खुर्ची देत नाही. पेशंटजवळ उभं राहायचं आणि ठरल्याशिवाय हलायचं नाही, हा तुमचा नियम. पाय भरून येतात म्हणून मी हळूच भिंतीला टेकते, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "भिंत पडत नाहीये. आपण सरळ उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी वैतागून मी सगळ्यांना फिटरच्या पलंगाशी नेलं. तिथे खुर्ची एकच, तिच्यावर त्याची बायको. ती उठली, आमच्याकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमच्यापैकी आमचे डॉक्टर नक्की कोण?"

सगळे फाइलकडे बघू लागले. मला संताप आला आणि लाजही वाटली. मग मी म्हणाले, "मी. आणि हे सगळे."

त्यानंतर आम्ही भांडलो, पण तिथेच, उभ्याउभ्या, आणि दुसऱ्या दिवशीचं पहिलं ऑपरेशन त्याचं ठरवूनच हललो. फिटर बरा होऊन घरी गेला. आता दर आठवड्याला आमचा गट असाच उभ्याने भेटतो, सगळे गुडघ्यांच्या नावाने कुरकुरतात, आणि सर्जनसाहेब अजूनही उशिराच येतात.

हे पत्र तुम्हाला मिळायचं नाही. मिळालं असतं तर अर्धा मजकूर कापून परत आलं असतं, तेव्हा बरंच आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या बाईंनी विचारल्यावर मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी मागे वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, तुम्ही सांगाल.